‘मी सेन्सिटिव्ह आहे’ म्हटलं की पेस्टच लिहून मिळते

इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय ते आधी थोडक्यात सांगते. वय ३४, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघतात. लहानपणापासून ड्रेसचं लेबल मानेला टोचतं म्हणून कापून टाकतात, मिक्सर लागला की दुसऱ्या खोलीत जातात, उदबत्तीच्या वासानं डोकं उठतं. खालच्या दाढेचं रूट कॅनाल सांगितलंय, वरच्या एका दाढेत सिमेंट भरायचंय. दोनदा खुर्चीवरून उठून घरी आल्या. ‘बाळंतपण झालंय ना तुमचं, मग एवढ्याशाला काय घाबरता’ हे ऐकावं लागलं ते वेगळंच. मुलगा ७ वर्षांचा, ऑटिस्टिक. त्याच्या तीन दुधाच्या दाढा किडल्यात आणि पूर्ण भूल देऊनच करावं लागेल असं एका ठिकाणी सांगितलंय. विचारतात, हे माझे नखरे आहेत का, आणि आम्हा दोघांचं पुढं कसं करायचं?

नखरे नाहीत. २४ वर्षं दातांचा दवाखाना चालवतेय, तेवढं तरी छातीठोकपणे सांगते.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘मी फार सेन्सिटिव्ह आहे’ असं पेशंट म्हणतो आणि डॉक्टरच्या कानाला ऐकू येतं की दात शिवशिवतात. मग थंड लागतं का, आंबट लागतं का, आणि शेवटी हातात पेस्टची चिठ्ठी. तुमचे दात शिवशिवत नाहीत. तुमच्या मेंदूकडे आवाज, वास, स्पर्श, उजेड जरा जास्तच ठळक होऊन पोचतात आणि ते मागं सारायला त्याला जास्त मेहनत पडते. हे आणि भीती यांत फरक आहे, आणि आम्ही डेंटिस्ट इथंच चुकतो. घाबरलेल्या माणसाला नीट बधिर केलं, दुखत नाही हे त्याला पटलं, की तो निम्मा निवांत होतो. तुम्ही होत नाही. कारण भूल फक्त दुखणं घालवते. मशीनचा आवाज, हाडातली थरथर, पाण्याचा फवारा, हातमोज्याचा वास, जिभेवर सांडलेलं कडू औषध, डोळ्यांवरचा दिवा, यातलं काहीही सुईनं बंद होत नाही. डॉक्टर म्हणतो, ‘अहो, आता दुखत तर नाहीये ना!’ तो खरंच बोलत असतो. तुमचंही खरंच असतं.

माझ्याकडे पंचवटीतला एक मुलगा यायचा, कॉलेजात शिकणारा, ढोलपथकातला. नाशिक ढोल किती लांबून ऐकू येतो हे नाशिककरांना सांगायला नको. तासन्‌तास कमरेला ढोल बांधून वाजवणारा हा गडी माझ्या खुर्चीत दात साफ करायचं मशीन सुरू झालं की दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळून धरायचा, मानेवर घाम. मी एकदा थट्टेत म्हटलं, ‘अरे, ढोलाचा आवाज चालतो आणि हा चालत नाही?’ तो म्हणाला, ‘ढोल मी वाजवतो ना मॅडम. पुढचा ठोका कधी पडणार ते मला माहीत असतं.’

माझं निम्मं उत्तर त्याच्या या वाक्यात आहे. आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी सुरू होणार, कधी थांबणार आणि थांबवायची दोरी कुणाच्या हातात, यावर सगळं ठरतं. त्याच दिवशी मी मशीनचं पायपेडल त्याच्या बुटाजवळ सरकवलं आणि म्हटलं, मी टोक दाताला लावते, चालू-बंद तू कर. पहिल्यांदा दोन सेकंद, मग पाच, मग दहा. खालचे पुढचे सहा दात आम्ही असे साफ केले. वेळ दुप्पट लागला, पण तो उठून गेला नाही. प्रत्येक डॉक्टर पेडल देणार नाही, आणि ड्रिलचं पेडल तर कुणीच देऊ नये. पण थांबवण्याचा हक्क देता येतो. डावा हात वर केला की मशीन बंद. ‘एवढं झालं की थांबते’ नाही, लगेच बंद. दुसरा प्रकार मोजण्याचा. डॉक्टरनं मोठ्यानं पाचपर्यंत मोजायचं, पाचाला मशीन उचलायचं, तुम्ही गिळायचं, श्वास घ्यायचा, मान हलवली की पुढचे पाच. बऱ्याच जणांना हात वर करण्यापेक्षा मोजणंच जास्त मानवतं, कारण थांबा म्हणायचा संकोच वाटत नाही. आपल्याकडच्या बायका तर डॉक्टरला थांबा म्हणायलाही लाजतात.

इथं माझी एक चूक कबूल करते. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीला मी ‘हात वर कर, मी थांबेन’ सांगितलं. तिनं हात वर केला तेव्हा कीड काढायची अगदी थोडी राहिली होती. मी म्हटलं ‘झालंच’ आणि चालूच ठेवलं. दोन सेकंद असतील. दाढ उत्तम भरली गेली आणि ती मुलगी तीन वर्षं कुठल्याच डेंटिस्टकडे गेली नाही. तिची आईच मला नंतर हे सांत्वन केल्यासारखं सांगत होती. आम्हाला शिकवलंच तसं होतं, हेही खरं. मूल रडायला लागलं की तोंडावर हात ठेवून त्याला गप्प करायची पद्धत पुस्तकात होती; अमेरिकेतल्या बालदंततज्ज्ञांच्या संस्थेनं ती आपल्या मार्गदर्शक नियमांतून २००६ मध्ये काढली. तोवर माझी प्रॅक्टिस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते.

आता आवाजाचं सविस्तर सांगते, कारण तुमच्या पत्रात मिक्सर आलाय. दवाखान्यात तीन वेगळी मशीन असतात आणि पेशंट तिन्हींना ‘ड्रिल’ म्हणतात. पहिलं एअरोटर. हवेच्या दाबावर चालतं, मिनिटाला तीन-चार लाख फेरे, आणि त्याची ती शीळ. दुसरं मायक्रोमोटर, जास्तीत जास्त ४० हजारांच्या आसपास फेरे. आवाज खालच्या पट्टीतला पण थरथर जास्त, जबडा घरघरतो. तिसरं स्केलर, म्हणजे दात साफ करायचं, सेकंदाला पंचवीस-तीस हजार कंपनं आणि वर पाण्याचा फवारा. तुम्हाला नेमकं कुठलं सोसत नाही हे शोधायचं. माझ्या अनुभवात एअरोटर न चालणाऱ्या माणसाला मायक्रोमोटर चालू शकतं आणि नेमकं उलटही होतं.

घरी एक गंमत करून बघा. दोन्ही कानांत बोटं घाला आणि तोंड मिटून ‘म्म्म्’ असा आवाज काढा. आवाज कमी न होता वाढतो, डोक्यात भरून राहतो. कान बंद केले की हाडातून येणारा खालच्या पट्टीचा आवाज बाहेर निसटत नाही. म्हणून कानात फोमचे बोळे घालून गेलेले पेशंट सांगतात की मायक्रोमोटर आणखी भयंकर वाटलं. बोळे एअरोटरच्या शिळेला उपयोगी, मायक्रोमोटरच्या घरघरीला उलटे पडतात. त्यापेक्षा कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, आणि त्यात तुम्ही शंभरदा ऐकलेलं काहीतरी लावा. नवीन गाणं नको. पुढचं कडवं कधी येणार हे माहीत असलेलं हवं. ढोलवाल्याचंच तत्त्व. हेडफोन लावलात की डॉक्टरचं बोलणं ऐकू येणार नाही, म्हणून खांद्यावर एक टॅप म्हणजे सुरू, दोन म्हणजे संपलं, असं आधीच ठरवा.

आवाज टाळताही येतो. दात साफ करायला हातानं वापरायची अवजारं आहेत. खरखर होते, वेळ जास्त लागतो, पण शीळ नाही आणि फवारा नाही. मऊ झालेली कीड चमच्यासारख्या छोट्या अवजारानं काढता येते आणि मग ग्लास आयनोमर सिमेंट भरता येतं. ही पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या गावांसाठी तयार झाली. माझ्याकडे वीज आहे, तरी मी ती वापरते. खोल आणि कडक किडीला, जुनं सिमेंट काढायला मात्र मशीन लागतंच; तिथं खोटं आश्वासन देत नाही. काही दवाखान्यांत विजेच्या मोटरवर चालणारं हँडपीस असतं, त्याला एअरोटरसारखी शीळ नसते. फोनवर विचारायला हरकत नाही.

तुमच्या रूट कॅनालबद्दल एक गोष्ट कुणी सांगितली नसावी. लोकांना वाटतं तासभर ड्रिल चालणार. एअरोटर लागतो तो दाढेला वरून भोक पाडण्यापुरता, काही मिनिटं. त्यानंतर दाढेच्या मुळांतल्या नळ्या साफ करायच्या फायली, म्हणजे सुईएवढ्या बारीक कानशी, हातानं किंवा मिनिटाला तीनशेच्या आसपास फेऱ्यांच्या मोटरनं फिरतात. कुठं तीन लाख आणि कुठं तीनशे! ती मोटर हळू गुणगुणते, एवढंच. मात्र नळीची लांबी मोजायचं एक यंत्र असतं, ते टोक जवळ आलं की बीप बीप करतं आणि शेवटी सलग वाजतं. ते बीपच असह्य झालेले पेशंट मी पाहिलेत. त्याचा आवाज बहुतेक यंत्रांत कमी किंवा बंद करता येतो, डॉक्टर पडद्यावर बघून काम करू शकतात. फक्त आधी सांगायला हवं.

रूट कॅनालमध्ये नळ्या धुवायला सोडियम हायपोक्लोराइट वापरतात, म्हणजे थेट फरशी पुसायच्या ब्लीचचा वास. उदबत्तीनं डोकं उठणाऱ्या माणसाला हा वास न सांगता आला तर काय होईल? इथं रबर डॅम कामी येतो. दाताभोवती ताणून बसवलेला रबराचा पातळ पडदा. औषध जिभेवर येत नाही, पाणी घशात जात नाही, आणि तोंडात कुणाची बोटं नाचत नाहीत. अनेक संवेदनशील पेशंट त्याच्यामागं चक्क झोपतात. काहींना मात्र तोंड बांधल्यासारखं वाटतं, आणि नाक चोंदलेलं असेल तर तो लावूच नये. पहिल्या भेटीत काम न करता नुसता दोन मिनिटं लावून बघायला सांगा. लेटेक्सचा वास नको असेल तर लेटेक्सविरहित डॅम आणि नायट्राइलचे हातमोजे मिळतात. वासावर माझा साधा इलाज म्हणजे नाकाखाली ओठावर तुमचाच ओळखीचा बाम किंवा साजूक तुपाचं बोट. आपला वास पुढं, दवाखान्याचा मागं.

तपासणीचे स्पर्श किरकोळ वाटतात, पण कुरबूर बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. अशा लोकांना हलका, भुरभुरता स्पर्श नको असतो. गालाला घट्ट, ठाम धरलेलं चालतं. कोरडा कापसाचा बोळा ओठाला चिकटून निघताना जो ‘कच्च’ होतो त्यानं अंगावर काटा येतो, म्हणून बोळा काढण्याआधी ओला करायचा. हवेची फुंकर सांगून मारायची. खुर्ची आडवी होताना पोटात गोळा येत असेल तर ती आधीच आडवी करून ठेवायला सांगा आणि मग तिच्यावर चढा. आमच्या खुर्च्यांच्या नळीतून येणारं पाणी बऱ्याच ठिकाणी मागच्या बाटलीतून येतं; जानेवारीत नाशिकची थंडी उतरली की मी त्या बाटलीत कोमट पाणी भरते. दहा सेकंदांचं काम आहे. उजेडाला काळा गॉगल. एक्स-रेचा शिशाचा एप्रन अंगावर ठेवला की त्या वजनानं काहींना बरं वाटतं. फार हसू नका, एका आजोबांनी घरून गोधडी आणली होती.

अंगावरच्या दाबाचं आणि अंधाराचं नुसतं माझंच म्हणणं नाही. लॉस एंजेलिसला ६ ते १२ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला. दिवे मंद, छतावर हळू फिरणारी चित्रं, शांत संगीत आणि अंगाभोवती घट्ट गुंडाळलेलं, दाब देणारं पांघरूण. याच मुलांचे दात नेहमीच्या खोलीतही साफ केले. घामातल्या बदलावरून मोजलेला ताण मंद दिव्यांच्या खोलीत कमी निघाला. त्यात महागडं काही नाही. दिवा मंद करायला कुणाची परवानगी लागते?

बधिरपणाचं वेगळं सांगायला हवं, कारण तो स्वतःच एक त्रास आहे. खालच्या दाढेसाठी नस बधिर करतात तेव्हा अर्धी जीभ आणि अर्धा ओठ तीन-चार तास सुन्न राहतात. ‘ओठ भोपळ्याएवढा झालाय’ असं वाटतं. आरशात बघा, तेवढाच असतो. आरसा सोबत ठेवा, खरंच उपयोग होतो. भुलीच्या औषधात बहुधा अ‍ॅड्रेनालिन असतं, त्यानं काही मिनिटं छाती धडधडू शकते. आधी सांगितलं नाही तर माणसाला वाटतं अ‍ॅटॅकच आला. सुई टोचण्याआधी लावायचा स्प्रे अतिशय कडू असतो आणि घशापर्यंत उतरतो. त्याऐवजी जेल कापसावर घेऊन हिरडी कोरडी करून एक-दोन मिनिटं ठेवायला सांगा. औषध सावकाश सोडलं की टोचणं जवळजवळ कळत नाही. घाईत सोडलं की ताण येऊन दुखतं. तुमच्या वरच्या दाढेला नसेची भूल लागणार नाही, दाढेच्या बाजूलाच टोचून भागतं, जीभ मोकळी राहते. म्हणून मी तुमच्या जागी असते तर वरच्या दाढेपासून सुरुवात केली असती. खालची ठणकत नसेल तरच, हं. ठणकत असेल तर तीच आधी.

वेळ कुठली घ्यायची? गंगापूर धरण भरलेलं असलं की साधी सर आली तरी पाणी सोडावं लागतं, आणि मग सगळं गाव गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं ते बघायला जातं. तुमचं धरण संध्याकाळी सात वाजता, अंबडहून मुंबई नाक्याचे हॉर्न ऐकत आल्यावर, काठोकाठ असतं. सकाळची पहिली वेळ घ्या. सुट्टीच्या दिवशी, रात्री झोप झालेली, पोटात काहीतरी. गणपतीआधीच्या आठवड्यांत तुमच्या भागात ढोलाचा सराव चालू असेल तर तेव्हाची तारीख नकोच. पाळीच्या आधीच्या चार दिवसांत सगळंच जास्त लागतं असं अनेक जणी सांगतात. स्वतःचं बघून ठरवा.

दवाखाना निवडताना फोनवरच कळतं. असं म्हणा: ‘मला आवाज आणि वास फार जाणवतात, म्हणून पहिल्या भेटीत काहीही करायचं नाही, फक्त खुर्चीत बसायचंय आणि बोलायचंय. त्याचे जे काही पैसे होतील ते देईन.’ पलीकडून ‘या ना, काही होत नाही’ आलं तर पुढचा नंबर लावा. ‘कुठला आवाज? पाण्याचा की मशीनचा?’ असं विचारलं तर तिथं जा. पैशाचं मुद्दाम लिहिलं. अशा कामाला दुप्पट वेळ जातो आणि डॉक्टर तो फुकट देत राहील अशी अपेक्षा ठेवली की दोन्हीकडून कुरकुर सुरू होते.

आता तुमच्या मुलाकडे वळते.

दुधाच्या दाढा साधारण ९ ते १२ वर्षांच्या दरम्यान पडतात. म्हणजे त्याच्या दाढा अजून दोन ते पाच वर्षं लागणार आहेत. ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडून देता येत नाहीत आणि प्रत्येक दाढेला मशीन लावलंच पाहिजे असंही नाही. किडीनं नस गाठली नसेल तर सिल्व्हर डायमिन फ्लोराइड नावाचं औषध आहे, बहुधा ३८ टक्क्यांचं. दाढ कोरडी करून ब्रशनं थेंबभर लावायचं, मिनिटभर ठेवायचं, संपलं. सुई नाही, मशीन नाही. जपानमध्ये ते १९७० च्या सुमारापासून वापरात आहे. त्यानं कीड थांबते आणि किडलेला भाग काळा कुळकुळीत होतो, कायमचा. आया इथं अडतात. मागच्या दाढेचा काळा डाग कोण बघतंय, असं मी म्हणते, पण निर्णय तुमचा. चव धातूसारखी असते, ओठाला लागलं तर काही दिवस डाग राहतो, आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं.

दुसरा मार्ग स्टीलच्या कॅपचा. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या डेंटिस्टच्या नावानं ओळखली जाणारी पद्धत आहे. कीड न कोरता, दाढ न घासता तयार कॅप सिमेंट भरून वरून दाबून बसवायची. आतल्या किडीचं खाणं-पिणं बंद होतं आणि ती थांबते. यात आवाज शून्य. पण बसवताना ‘करकच्चून चाव’ म्हणावं लागतं, हिरडी आवळल्यासारखी वाटते आणि काही दिवस चावा उंच लागतो. ज्याला मोज्याची शिवण टोचते त्याला हे आधी सांगून ठेवायला हवं. काही मुलांना दाबाचं आवडतं, त्यांना ही कॅप मस्त जमते. तुमचा मुलगा उशी घट्ट आवळून झोपतो की पांघरूण भिरकावतो, यावरून मला अंदाज येतो.

आता पूर्ण भुलीचं. ते ऐकून तुम्ही हादरलात, पण ती शिक्षा नाही आणि तुमची हारही नाही. तीनपैकी दोन दाढांना पू झाला असेल, मूल तोंडात आरसाही घालू देत नसेल, तर चार जणांनी धरून काम उरकण्यापेक्षा एकदाच भूल देऊन सगळं तोंड नीट करून घेणं मी शंभर वेळा पत्करेन. धरून केलेलं काम त्या दाढेपुरतं होतं आणि पुढच्या वीस वर्षांचं बिघडतं. फक्त ते भूलतज्ज्ञ आणि सगळी सोय असलेल्या हॉस्पिटलातच व्हावं. आधी तपासण्या होतात, खाणं किमान सहा तास आणि पाणी दोन तास आधी बंद. ऑटिस्टिक मुलाला उपाशी ठेवणं हाच मोठा सोहळा असतो, म्हणून सकाळचा पहिला नंबर मागा. शुद्धीवर येताना हातातली सुई, पट्टी, अनोळखी उजेड यांनी तो बिथरतो. त्याची चादर आणि तुम्ही तिथं असाल असं आधीच ठरवून घ्या. आणि विचारा, ‘भुलीखाली एकाच वेळी काय काय करणार?’ नुसत्या तीन दाढा करून बाकीच्यांना संरक्षक लेप न लावता बाहेर काढलं तर संधी वाया गेली.

दुसरं मत हवं असेल तर मुलांच्या दातांचे तज्ज्ञ बघा. पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे, तिथं खर्चही आटोक्यात राहतो. पण कुठल्याही डेंटल कॉलेजच्या ओपीडीत एका हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या आणि सगळीकडून शीळ असते, हे लक्षात ठेवून जा. आधी एकट्या जाऊन कमी गर्दीची वेळ विचारून या. आणि राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना आहे, ऑटिझम असलेल्यांसाठी १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा. काढली नसेल तर काढून ठेवा, दातांच्या कामाला त्यात किती मिळतं ते विचारा.

तोवर घरी. पेस्टचा फेस आणि पुदिन्याचा झणका हीच बहुतेक मुलांची तक्रार असते. त्याला दात घासायचा कंटाळा नसतो, तोंड पोळतं. फेस न होणारी, बिनचवीची पण फ्लोराइड असलेली पेस्ट मिळते, मटाराएवढी पुरे. तीही नको म्हणाला तर काही दिवस नुसता ओला ब्रश. बेसिनपाशीच घासलं पाहिजे असा काही नियम नाही. सोफ्यावर, तुमच्या मांडीवर डोकं ठेवून, मागून घासा. डेंटिस्टही तसाच मागून येतो, म्हणजे सवय आपोआप होते. प्रत्येक बाजूला दहा मोजायचं आणि दहाला थांबायचंच, एखादा दात राहिला तरी.

फोनवर मशीनचा आवाज रेकॉर्ड करून आणा. कुठलाही डॉक्टर दोन मिनिटं देईल. घरी तो इतका हळू लावा की जेमतेम ऐकू येईल, आणि लावायचं-बंद करायचं बटण त्याच्या बोटाखाली. आवाज वाढवायचा की नाही हे तो ठरवेल. एका मुलानं महिनाभरात तो आवाज आपल्या खेळण्यातल्या जेसीबीला देऊन टाकला होता. दवाखान्यात आला तेव्हा मला म्हणाला, ‘तुमचा जेसीबी बारीक आहे.’ मी म्हटलं, रस्ता पण बारीकच आहे.

एका गोष्टीत मात्र सावकाशी नको. अशी मुलं दुखणं सांगत नाहीत, काहींना ते कळतंही उशिरा. एकाच बाजूनं चावणं, आवडीचा पदार्थ अचानक नको म्हणणं, गालावर चापट्या मारून घेणं, रात्री दचकून उठणं, याला हट्ट समजू नका. आधी तोंडात टॉर्च मारून बघा. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड पुरतं न उघडणं, गिळायला त्रास, यातलं काही दिसलं की वरचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखवायचं, आणि रात्र असेल तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. तुमच्या खालच्या दाढेलाही हेच लागू आहे.

आणि जेव्हा त्याला सुई देऊन काम होईल तेव्हा घरी गेल्यावर तीन तास त्याच्यावर नजर हवी. सुन्न ओठ म्हणजे त्याला नवं खेळणं. चघळून चघळून दुसऱ्या दिवशी ओठ फणसाच्या गऱ्यासारखा सुजलेला घेऊन आया धावत येतात आणि विचारतात, डॉक्टर, इन्फेक्शन झालं का? त्या तीन तासांत घन काही खायला देऊ नका, गार ताक चालेल, आणि ओठाला हात गेला की हातात दुसरं काहीतरी द्या. जेसीबी चालेल.